मोनाका रंगाच्या चिंध्या

"आपल्या मोनाकोतील पुरवठादाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवावा." कोपनहेगनहून आलेल्या पत्रात एवढंच होतं. खाली सिग्ने नावाच्या कुणा बाईची सही आणि सहीखाली एक हिरवं पान. नेद्दाने ते उभ्याने वाचलं, खुर्ची ओढून बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. तिचा मोनाकोत पुरवठादार नव्हता. मोनाकोत चिंध्यांचा पुरवठादार कुणाचाच नसावा. जिथे माणसं कर चुकवायला घरं घेतात आणि बोटी बांधायला किनारा विकत घेतात, तिथे जुने स्वेटर पोत्यात कोंबून वजनावर कोण विकणार? आणि तेही तीन हजार दोनशे चाळीस किलो. अख्ख्या संस्थानाने एका सकाळी अंगावरची लोकर उतरवून दिली असती, तरी ती सगळीच्या सगळी तपकिरी निघाली नसती. नेद्दाने खिडकीतून खाली शेडमध्ये पाहिलं. निवडीच्या लांब टेबलाशी पाच बायका उभ्या होत्या. एद्मिराच्या हातात एका कोटाची बाही होती. ती तिने दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि "ओला उंदीर!" असं ओरडून डावीकडच्या पेटाऱ्यात फेकली. ओला उंदीर म्हणजे काळपट करडा. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, आणि त्याचाच नेद्दाला राग आला.

काय घडलंय ते तिला लगेच कळलं. कळल्यावर राग आणखी वाढला, कारण चूक तिची होती आणि तिची नव्हतीही. सोमवारी ती कोपनहेगनच्या कंपनीचा, सल्लागाराने दिलेला फॉर्म संगणकावर भरत बसली होती. सत्तावीस पानं. पहिल्याच रकान्यात विचारलं होतं, माल कुठला? इटलीतल्या या प्रातो गावात कुठल्याही चिंधीवाल्याला अर्ध्या झोपेत उठवून विचारा, माल कुठला, तो रंग सांगेल. दुसरं काही त्याच्या डोक्यात यायचंच नाही. नेद्दाही या धंद्यात जन्मलेली. तिने चाळीस वर्षं गासड्यांवर खडूने जे लिहिलं, तेच तिथे लिहिलं. मोनाका. मोनाका म्हणजे नन. ननच्या झग्याचा तो गरम, किंचित लाली मारणारा तपकिरी, नमुन्यांच्या फळीवरचा एकतिसावा. यंत्राने क्षणभर विचार केल्यासारखं केलं, आपल्या यादीत शोधलं, शेवटच्या अक्षरावर स्वतःच एक मात्रा चढवली आणि पुढचं पान उघडलं. मोनाकाचं मोनाको झालं. तिचं लक्षही गेलं नाही. पुढच्या पानावर तिला पाणी किती लिटर लागतं ते विचारलं होतं. त्याच्या पुढच्या पानावर आपल्या कामगारांना आपले विचार मांडता येतात का असं होतं. ते वाचून ती मोठ्याने हसली होती. एद्मिराला विचार मांडू नको म्हणून कुणी सांगितलंय का आजवर?

तिने सल्लागाराला फोन लावला. "चूक झाली म्हणून कळवून टाका ना," ती म्हणाली. "चुकीला रकाना नाही, सिन्योरा," तो म्हणाला. "दिलेली माहिती मागे घेतली की ते खोटं निवेदन धरतात. खातं सहा महिने बंद." "मग आता?" "मग मोनाकोत पुरवठादार उभा करायचा. माझ्या मेहुण्याची तिथे एक पत्रपेटी आहे, भाड्याने देतो तो." तो हे इतक्या सहज म्हणाला की त्याने ते आधीही कुणाला तरी सांगितलं असणार हे उघड होतं. नेद्दाने फोन ठेवला. सहा महिने. सहा दिवससुद्धा नव्हते तिच्यापाशी. सिग्नेच्या त्या डेन्मार्कच्या कंपनीला तीन हंगाम पुरेल इतकं तपकिरी कापड हवं होतं, जुन्या लोकरीचं, न रंगवलेलं. रस्त्यापलीकडची गिरणी ते विणणार होती आणि गिरणीला लोकर नेद्दा देणार होती. पण फॉर्मवर हिरवी खूण उमटल्याशिवाय गिरणीवाला एक किलोसुद्धा उचलणार नव्हता. त्याने ते हात जोडून सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. हा माल गेला नाही तर शेड विकायची, हे नेद्दाने डिसेंबरातच स्वतःशी ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईक भिंतीपलीकडेच होतं. पाच बायकांसाठी मात्र गिऱ्हाईक नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली, बोटांनी लोकर ओळखणारी बाई या गावात आता कुणाला नको होती.

तिला सगळ्यात जास्त चीड या गोष्टीची होती की प्रश्न साधा होता आणि तरी त्याला उत्तर नव्हतं. चिंधी कुठली? हा घ्या समोरचा स्वेटर. मेंढी ऑस्ट्रेलियातली असेल, सूत इथलंच, विणला रुमानियात, लेबल स्कॉटलंडच्या एका घराण्याचं. बर्गनच्या कुणा शिक्षिकेने तो अकरा हिवाळे घातला आणि चर्चच्या पेटीत टाकला. तिथून हॉलंडच्या दलालाकडे, त्याच्याकडून ट्यूनिसच्या गोदामात. तिथे चांगला माल बाजारात गेला आणि भोकं पडलेला जहाजाने इथल्या लिव्होर्नो बंदरात आला. आता सांगा कुठला. फॉर्ममध्ये एकशे पंचाण्णव देशांची यादी होती आणि त्यातला एकच निवडायचा होता. 'माहीत नाही' हा देश त्यात नव्हता. लहानपणी तिनेही हे विचारलं होतं. सहा-सात वर्षांची असेल. गासड्यांच्या डोंगरावर चढून बसायची, आणि तिथे कोटांच्या खिशात कधी ट्रामचं तिकीट सापडायचं, कधी कंगवा, एकदा तर परक्या भाषेतलं चुरगळलेलं पत्र सापडलं होतं. "बाबा, हे कुठून येतात?" ओरेस्तेने हातातली कात्री न थांबवता सांगितलं होतं, "लोकांच्या अंगावरून. आणखी कुठून येणार?" तेव्हा तिला ते उत्तर पुरलं होतं. खरं तर कालपर्यंत पुरलं होतं.

ती मागच्या अंगणात गेली. भिंतीपलीकडे शिलाई मशिनी एका सुरात घरघरत होत्या आणि दारात लीफेन उलट्या बादलीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. लीफेन चीनमधल्या वेंझोची. सव्वीस वर्षांपूर्वी आली तेव्हा दुसऱ्याच्या मशिनीवर बसायची, आता चाळीस मशिनी तिच्या स्वतःच्या. मिलानच्या दुकानात सोमवारी टांगलेला झगा गुरुवारपर्यंत आठशेच्या संख्येने शिवून देणारी ही बाई प्रातोची बोली अशी बोलायची की डोळे मिटून ऐकलं तर बाजारातली कोंबडीवालीच वाटावी. नेद्दाने तिला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण राग कुणाकडे तरी ओतायला हवा होता.

लीफेन इतकी हसली की तिला बियांचा ठसका लागला. "तुझ्या चिंध्यांना पासपोर्ट मागतायत म्हण ना! मला सव्वीस वर्षं मागतायत. कुठली तू, आईबाप कुठले, जन्मदाखला कुठाय, त्यावरचा शिक्का असा का. तेव्हा तू म्हणायचीस, अगं, नियम आहे, दे की कागद. आता दे."

"मी असं कधी म्हटलं?"

"दोन हजार सातात. याच बादलीवर बसून."

"बादली माझी आहे ती."

"शेडबरोबर घेईन ना." लीफेनने बियांची मूठ पुढे केली. "थट्टा नाही करत, नेद्दा. भाव मी पाडणार नाही, तुला म्हणून. पण त्या बायका मी घेऊन काय करू? मला जमीन हवी, कापायची टेबलं लावायला. तुझ्या बायकांना माझं एक काम येत नाही. नवं कापड हातात दिलं तर त्या त्याचा वास घेत बसतील."

नेद्दाने दोन बिया तोंडात टाकल्या. बियांचं साल दातात अडकलं होतं ते जिभेने काढत राहिली. दोन हजार सातात आपण खरंच तसं म्हणालो असू का? असू. तेव्हा गावात सगळेच म्हणत होते. तेव्हा गावातल्या निम्म्या गिरण्या मिटत होत्या आणि प्रत्येकाला वाटत होतं की भिंतीपलीकडे घरघर करणाऱ्यांनीच त्या मिटवल्या. खरं म्हणजे गिरण्या ज्यांच्या होत्या त्यांनीच आपल्या शेड या लोकांना चढ्या भाड्याने दिल्या आणि मुलांना वकिलीला घातलं. नेद्दाच्या भावाने हेच केलं. ती एकटीच मागे राहिली. निष्ठेने वगैरे नव्हे. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे जे येत होतं ते तिला फार चांगलं येत होतं. अंधारात हात लावून ती सांगू शकायची, यात नायलॉन मिसळलंय. जळलेल्या धाग्याच्या वासावरून ती शेकडा किती ते सांगायची. या विद्येला त्या सत्तावीस पानांत कुठेच जागा नव्हती. इथे जुनी माणसं रस्त्यात अनोळखी पोर दिसलं की अजूनही कुठली असं विचारत नाहीत. विचारतात, कुणाची गं तू? कुणाची ते कळलं की झालं. मग पोरीच्या हातात बिस्किट येतं किंवा कानाखाली बसते, बापाच्या लौकिकाप्रमाणे. चिंध्यांना मात्र तेही कुणी विचारलं नव्हतं. कुणाची ते विचारायचं नाही, कुठली ते विचारायचं नाही, फक्त रंग बघायचा आणि लोकर बघायची, यावर अख्खं गाव दीडशे वर्षं जेवलं होतं. न विचारणं हेच भांडवल होतं. आणि आता ज्यांनी मोठमोठाली दुकानं उघडून जगभरच्या लोकांना दर दोन महिन्यांनी कोट फेकून द्यायला शिकवलं, तेच हिरव्या पानाखाली सही करून विचारत होते, बाई, हा कोट कुठला?

बुधवार असाच गेला. तिने जुनी बिलं काढून जमिनीवर पसरली. तीन हजार दोनशे चाळीस किलोंपैकी नऊशेच्या आसपास एका जर्मन दलालाकडून आले होते, थोडे हॉलंडहून, थोडे इथल्याच चर्चांमधून, बाकीचे गेल्या सहा वर्षांत मूठ मूठ साठलेले. रंग असाच साठतो. एका गासडीत मोनाका दोन किलो निघतो, दुसरीत निघतच नाही. जर्मन दलालाने तो कुठून आणला देव जाणे. कागदावर त्याचा शिक्का होता एवढंच. नेद्दाने बिलं गोळा केली आणि नमुन्यांच्या फळीपुढे जाऊन उभी राहिली. रोज शंभरदा नजरेखालून जाणारी फळी. अठ्ठेचाळीस तुकडे, प्रत्येक हाताच्या तळव्याएवढा, चार चुका ठोकून बसवलेला. ओला उंदीर, कालची कॉफी, पाद्रीबुवा, आर्जियाचा नवरा (हा पिवळट, त्याला कावीळ झाली होती तेव्हाचा). एकतिसावा मोनाका. त्याचा वरचा उजवा कोपरा इतर भागापेक्षा गडद होता, सरळ रेषेत कापल्यासारखा. लहानपणी ती त्या कोपऱ्याला अंगठा लावायची. तो डाग आहे असं तिला वाटायचं, मग ननच्या डोक्यावरच्या वस्त्राची सावली पडली असेल असं वाटायचं. निवडताना शंका आली की चिंधी फळीला लावून बघायची हा शेडचा नियम, आणि मोनाकापुरता एक पोटनियम होता. ओरेस्तेने तो घालून दिला होता. कोपऱ्याशी नाही जुळवायचं, मधल्या भागाशी. कोपरा सोडायचा. तिने तो एद्मिराला शिकवला होता आणि का ते कुणी विचारलं नव्हतं. तिला एकाएकी वाटलं, या रंगाला मोनाका कुणी म्हटलं? कुठल्या मठातून आला तो? काहीतरी असेल, एखादा मठ बंद पडला असेल, तिथले झगे बाबांनी विकत घेतले असतील. तसं असलं तर निदान एक गाव तरी हाती लागेल. रकान्यात भरायला नव्हे, पण त्या सिग्नेला सांगायला तरी.

आर्जियाने नव्वदी ओलांडली होती आणि ओरेस्तेच्या शेडमध्ये तेरा वर्षांची असताना लागली होती. आता ती तिसऱ्या मजल्यावर सुनेबरोबर राहायची आणि सुनेशी बोलायची नाही. गुरुवारी दुपारी नेद्दा गेली तेव्हा ती मांडीवर परात घेऊन पांढरा घेवडा निवडत होती. निवडायची सवय बोटांतून गेली नव्हती. दाणे आकाराप्रमाणे तीन ढिगांत जात होते, ज्याची काहीही गरज नव्हती.

"कसला मठ?" आर्जिया म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे का पोरी तुझं? तुझा बाप आणि नन? तो जन्मात चर्चची पायरी चढला नाही."

"मग मोनाका का म्हणायचे, मावशी?"

"मोनाका कुठे म्हणायचे? मोनाको म्हणायचे. गासड्यांवर लिहूनच यायचं. बव्हेरियातलं मोनाको गं, जर्मनांचं म्युनिक. सत्तेचाळीस साल. रेल्वेच्या वाघिणी भरून यायचा माल. सगळा तपकिरी. कोट, विजारी, टोप्या. चांगली लोकर, तुला सांगते, असली लोकर मी पुढे कधी हातात धरली नाही. दणकट. त्यातल्या कित्येकांनी घरच्या कपाटात लपवून ठेवले असणार, लढाई हरल्यावर घालायची चोरी, म्हणून विकले." तिने एक किडका दाणा खिडकीबाहेर फेकला. "बाह्यांवरची ती वाकडी स्वस्तिकं तेवढी उसवलेली. पण खालचं कापड उन्हाने विटलेलं नसायचं ना, तिथे गडद चौकोन दिसायचा. त्यावरून कळायचंच कुणाचा कोट ते. विचारावं लागायचं नाही."

नेद्दाच्या अंगठ्याला काहीतरी झालं. तिने तो मुठीत घेतला.

"रंग पुकारायची पद्धत तेव्हापासूनचीच. दिवसभर आम्ही पोरी ओरडायचो, मोनाको, मोनाको. आणि तुझी आई, झेलिंदा, तेव्हा नुकतं लग्न झालेलं, तिथेच टेबलाशी उभी. तिचा भाऊ चव्वेचाळीसच्या संपानंतर ज्यांना जर्मनांनी गाडीत घालून छावणीत नेलं त्यातला. तुझा एलियोमामा. नुसती टोपी आली परत, तीसुद्धा दुसऱ्याचीच होती म्हणतात. एक दिवस तिने कात्री खाली ठेवली आणि ओरेस्तेला सगळ्यांदेखत म्हणाली, हा माल मी कापीन, याचं जेवीनही, पण हे नाव माझ्या कानावर पडता कामा नये. तुझा बाप कापतच राहिला. तो काय बोलणार? माल स्वस्त होता आणि घरात पीठ नव्हतं. मग झेलिंदानेच पुढची बाही उचलली, आणि ओरडली, मोनाका! आम्ही सगळ्या हसलो. ती नाही हसली. दुसऱ्या दिवसापासून मोनाका." आर्जियाने परात बाजूला ठेवली. "नमुन्याचा तुकडा त्यातलाच आहे हं तुमच्या फळीवरचा. पहिल्या कोटाचा. ओरेस्तेने बाहीचाच कापला, कंजूष मेला, म्हणे मोठ्या तुकड्याचे पैसे येतात. आता रडू नको. सूनबाई बघतेय."

"मी रडत नाहीये."

"मग तोंड असं का केलंस? ऐंशी वर्षं होत आली. माझी मेलीची कंबर दुखते, त्याबद्दल विचार."

नेद्दा पायीच परत निघाली. बिसेन्झियो नदीला पाणी कमी होतं आणि त्यात एक बदक गोल गोल फिरत होतं. तिला दुःख झालं असं म्हणता आलं नसतं. तिला वैताग आला होता, खोल, जुना. आईचा वैताग असाच असला पाहिजे. कपाटावरच्या तसबिरीतला एलियोमामा कायम बावीस वर्षांचा राहिला आणि त्याच्याखाली बसून आई घेवड्याचं सूप वाढत राहिली. ते सूप मोनाकाच्या पैशाचं होतं. आईने नाव बदललं, माल नाही बदलला. तिने जगता येईल एवढाच बदल केला, एका मात्रेचा. आणि आपण मात्र लहानपणी त्या कोपऱ्याला अंगठा लावून नशीब मागत होतो. शाळेच्या परीक्षेला जाताना, पहिल्यांदा नाचाला जाताना. बाबा नुसते बघायचे. एकदाच म्हणाले होते, हात धू. त्या वेळी तिला वाटलं होतं, धुळीमुळे म्हणाले. आणि आता सोमवारी एका यंत्राने, ज्याला नन माहीत नाही आणि वाघिणी माहीत नाहीत, ती मात्रा आपली पुन्हा चढवून दिली होती. सगळ्या जगात त्या रंगाचं खरं नाव फक्त त्या मूर्ख यंत्राने ओळखलं होतं, आणि तेही म्युनिकऐवजी भलतंच संस्थान धरून. याला हसावं की त्याचा पडदा फोडावा ते तिला कळेना. पुलावर एक तरुण जोडपं उभं होतं. मुलीच्या अंगावर तपकिरी कोट होता. नेद्दाचा हात सवयीने पुढे होणार होता, कापड चोळून बघायला.

शुक्रवारी सव्वाअकराला तिनेच कोपनहेगनला फोन लावला. रात्रभर नाही, पण सकाळी दात घासताना तिने ठरवलं होतं, खरं सांगायचं, सगळं, पहिल्यापासून. चुकीला रकाना नसेल तर नसो, माणसाला कान असतील. सिग्ने तरुण निघाली आणि गोड निघाली, त्यामुळे चिडणं अवघड झालं. नेद्दाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. "बाई, आधी ते मोनाकोचं सांगते. हे मोनाको ते मोनाको नाही. आम्ही इथे म्युनिकलासुद्धा मोनाकोच म्हणतो. तर सत्तेचाळीस साली..."

"म्युनिक!" सिग्ने ओरडलीच. "अहो, मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत? म्हणजे जर्मनी! ही चूक धरतच नाहीत आम्ही. एकाच नावाची दोन गावं, त्याला वेगळी सोय आहे. मी इथूनच दुरुस्त करू शकते, तुमचं निवेदन मागे घ्यावं लागणार नाही. थांबा हं." कळा दाबल्याचा आवाज आला. "पुरवठादार जर्मन आहे ना तुमच्याकडे?"

नेद्दाच्या पुढ्यात बिलं होती. वरच्या बिलावर जर्मन दलालाचा निळा शिक्का होता. नऊशे किलोंचा. बाकी तेवीसशे किलोंवर तो नव्हता. खाली शेडमध्ये कुणीतरी "कालची कॉफी!" ओरडलं आणि बाकीच्या हसल्या. तिला सांगायचं होतं ते एवढं होतं की नाव तिथून आलंय, माल नाही. म्हणजे तेव्हा माल आला होता, पण तो माल कधीच कोट होऊन, झिजून, पुन्हा चिंधी होऊन, पुन्हा कोट होऊन कुठे गेला कोण जाणे. कदाचित आपल्या या ढिगातसुद्धा त्याचा एखादा धागा असेल. लोकर इतकी वर्षं टिकते का? टिकते. हेच सांगायचं होतं, आणि इंग्रजीत 'धागा' आठवत नव्हता. आठवला असता तरी सांगितलं असतं का, हे तिला पुढे कितीदा विचार करूनही ठरवता आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "आहे."

तिने शिक्क्यावरचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक सगळं वाचून दाखवलं, अक्षर अक्षर फोडून. सिग्नेने ते परत वाचून दाखवलं.

"झालं," सिग्ने म्हणाली. "आणि एक विचारू? हे फॉर्मसाठी नाही. रंगाचं नाव मोनाका लिहिलंय गिरणीच्या पत्रात. त्याचा अर्थ काय?"

"नन."

"ननचा तपकिरी! किती सुंदर. आमच्या लोकांना असं फार आवडतं. कोटाच्या लेबलवर घातलं तर चालेल?"

नेद्दाने डोळे मिटले. आई टेबलाशी उभी होती, कात्री खाली ठेवलेली. "घाला," ती म्हणाली. पडद्यावर हिरवी खूण उमटली तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती. तिने गिरणीवाल्याला कळवलं. त्याने फोनवरच आईची शपथ घेऊन तिला जेवायला बोलावलं.

अंगणात आली तर लीफेन बादलीवर होतीच, मोजमापाची फीत गळ्यात, तोंडात बिया. "मिळाला का पासपोर्ट?"

"मिळाला."

"कुठला?"

"जर्मन."

लीफेनने बिया चघळणं थांबवलं. "पहिल्याच अर्जाला? जर्मन?" ती उठली, तिने फीत गळ्यातून काढून हाताला गुंडाळली, पुन्हा सोडली. हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. "मी इथे दोन पोरी वाढवल्या. दोघी दान्तेच्या कविता म्हणून दाखवतात, मला कळतही नाही. माझी फाइल अजून रोममध्ये कुणाच्या तरी टेबलाखाली आहे." मग तिने भिंतीवरून हात लांबवून नेद्दाच्या खांद्यावरचा एक तपकिरी धागा उचलला आणि उन्हात धरून पाहिला. "आणि हा बघ. चार दिवसांत जर्मन झाला. कागद खरा आहे का?"

"नाव खरं आहे."

"मी ते नाही विचारलं," लीफेन म्हणाली, आणि आत गेली. जाताना बादली मात्र उचलून भिंतीवरून नेद्दाच्या बाजूला ठेवून गेली.

नेद्दा शेडमध्ये आली. बायकांना सांगितल्यावर एकीने चुंबन घेतलं, एकीने मोर्तादेल्लाचं सॉसेज कापायला घेतलं, कुणीतरी वाइन कुठेय विचारलं. ओरडाआरडा झाला आणि दहा मिनिटांत सगळ्या पुन्हा टेबलाशी होत्या, कारण माल सोमवारी जायचा होता आणि अजून साठ किलो कमी होता. एद्मिराच्या हाताला एका जुन्या कोटाची बाही लागली. तिने शिवण उसवली, अस्तर फाडलं, कापड चोळलं, वास घेतला. पुकारणार होती, पण थांबली. रंग जरा अडनिडा होता. ती बाही घेऊन फळीपाशी गेली आणि एकतिसाव्याशी धरून मान तिरकी करून बघत राहिली.

"नेद्दाबाई, ही बघा ना. या गडद कोपऱ्याशी अगदी जुळते. मधल्याशी नाही जुळत तेवढी. घेऊ का मोनाकात?"

नेद्दा जवळ आली. बाही तिने हातात घेतली. चांगली लोकर होती, जड, कोरडी, बोटांना माघारी ढकलणारी. अस्तरावर लेबल नव्हतं, कुणीतरी ते कधीच कापून टाकलेलं. तिने ती उलटी केली, सुलटी केली, उजेडाकडे नेली. अंगठा आपोआप फळीवरच्या कोपऱ्याकडे गेला होता. तिने तो मागे घेतला आणि झग्याला पुसला.

"पुकार," ती म्हणाली.

"पण बाई, कोपऱ्याशी..."

"कोपरा सोडून बघायचं. सांगितलंय ना तुला?"

एद्मिराने बाही पुन्हा फळीला लावली, या वेळी मधोमध. डोळे बारीक केले. मग वळून पेटाऱ्याच्या दिशेने ती भिरकावली.

"मोनाका!" ती ओरडली.